बुडवून ठेवलेले डोंगे

“तलाव मोजून राहिले व हे पोट्टे. काहून, चोरीले गेला का?”

“उनाळ्यात अर्धा जातेच ना चोरीले. पन चोर वरतं तपून राहिला, थ्याले कोन पकडते?”

डोक्यावर सरपणाच्या मोळ्या घेतलेल्या दोन बायका हसत हसत माझ्या मागून निघून गेल्या. मी तलावाच्या पाळीवर, त्या उंच मातीच्या बांधावर, टेपचं टोक धरून उभी होते. दुसरं टोक धरलेली मैत्रीण खूप लांब होती. तिला काही ऐकू गेलं नव्हतं, आणि गेलं असतं तरी कळलं नसतं. मला कळलं होतं. हसूही आलं होतं. ते दाबून मी आकडा वाचला आणि ओरडून सांगितला.

मे महिना होता. नागपूरच्या आर्किटेक्चर कॉलेजात आमचं चौथं वर्ष संपत आलं होतं आणि एका प्रकल्पासाठी आम्ही पाच जण त्या गावात आलो होतो. लाखांदूरच्या पुढे एसटीनं अर्धा तास. गावातली एखादी सार्वजनिक जागा निवडायची आणि ती सगळ्यांना वापरता येईल अशी करायची, हा विषय. आम्ही तलाव निवडला. म्हाताऱ्यांना, काठी घेऊन चालणाऱ्यांना, कडेवर मूल असलेल्या बायकांना पाण्यापर्यंत सहज जाता येत नव्हतं. पाळीचा उतार उभा होता आणि त्याला दगड लावलेले होते. आमची इच्छा चांगली होती. तिला मी आजही नावं ठेवत नाही.

गटात मला घेतलं होतं ते ‘लोकल’ म्हणून. माझं घर भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या क्वार्टर्समधलं. बाबा फॅक्टरीत, शाळा इंग्रजी माध्यमाची, शेजारी कुणी केरळचे, कुणी बंगालचे. घराबाहेर हिंदी, वर्गात इंग्रजी, आणि घरात आईची बेतानं बोललेली मराठी. आईचं माहेर लाखांदूरकडचं. बहिणीशी फोनवर बोलताना तिचा आवाजच बदलायचा. काहून व, कायले व, असं म्हणत ती मोकळी हसायची, आणि फोन ठेवला की पुन्हा बेतानं. ती बोली तिनं मला शिकवली नाही. मी ती दाराआडून शिकले. बोलायला जीभ वळायची नाही, समजायचं मात्र सगळं.

“गावातल्या लोकांशी बोलायचं काम तुझं,” असं आमच्या गटप्रमुख मुलीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी मान हलवली होती. प्रत्यक्षात तीच बोलायची. हिंदीत, मोठ्यानं, लोकांच्या खांद्यावर हात ठेवून. लोकांना ती आवडायची. मी मागे उभी राहून फॉर्म भरायची.

दुसऱ्या दिवशी मात्र माझ्या हातून एक काम झालं. लेव्हलच्या यंत्रावर आकडे घेताना माझ्या लक्षात आलं की तलावाच्या एका कोपऱ्यात, ढिवर टोलीच्या, म्हणजे मासेमारांच्या वस्तीच्या बाजूला, काठ फार हळूहळू उतरत जातो. दगड नाहीत, नुसती चिकण माती. खाली खोलगट भाग, आणि तिथं भर उन्हाळ्यातही गुडघाभर पाणी. रॅम्पला याहून चांगली जागा मिळणार नव्हती. मी आकडे गटप्रमुखाला दाखवले. तिनं वहीकडे पाहिलं, मग त्या कोपऱ्याकडे, आणि सगळ्यांसमोर मला मिठी मारली. “अगं, हिनं आपला प्रकल्प शोधून दिला!” चार वर्षांत माझ्यामुळे कुणी असं ओरडलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी झोपडीवजा टपरीवर सगळ्यांना स्वतःहून चहा सांगितला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाकीचे शाळेच्या व्हरांड्यात डबे खात होते. मी लवकर आटोपून त्या कोपऱ्यात गेले. माणसांत फार वेळ काढला की मला थोडा वेळ एकटीनं लागतो. पण तिथं एक बाई होती. पन्नाशीची असेल. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून ती पाण्याच्या कडेला जाळं धूत होती. फॉर्मवर तिचं नाव आम्ही घेतलं होतं, म्हणजे मीच लिहिलं होतं, पण तेव्हा ती एक शब्द बोलली नव्हती. तिच्या वतीनं सरपंचच उत्तरं देत होते.

“जेवलीस का व?”

“हो, मावशी.”

“तुले पोहता येते का?”

“नाही.”

“मंग तलाव काय मोजून राहिली तू?” ती हसली. तिचे पुढचे दोन दात नव्हते. “ये, पाय टाक पान्यात. भेऊ नको. मगर नाही हाय इथं, मीच हाव.”

मी चपला काढून पाण्यात उतरले. पाणी कोमट होतं आणि तळाचा चिखल बोटांच्या फटींतून वर यायचा. ती म्हणाली, “इकडं नाही, जरा अंदर.” मी दोन पावलं आत गेले आणि पायाला काहीतरी टणक, गुळगुळीत लागलं. मी दचकून पाय वर घेतला. तिला हसू आवरेना.

“काय लागलं, सांग?”

“लाकूड?”

“डोंगा होय थो. माह्या सासऱ्याच्या हातचा. थ्या बाजूले अजून एक हाय, माह्या देराचा.”

मी पुन्हा पाय टाकला आणि या वेळी हळूहळू चाचपत गेले. एक कड लागली, मग आत पोकळ, चिखलानं भरलेलं, आणि पलीकडे दुसरी कड. वरून काहीच दिसत नव्हतं. गढूळ पाणी आणि त्यावर उन्हाची चमक. माझ्या पायाखाली एक अख्खी होडी होती आणि गेले तीन दिवस आम्ही तिच्या आजूबाजूला टेप टाकत हिंडत होतो.

मावशीनं सांगितलं की कोरलेल्या लाकडाचा डोंगा उन्हात राहिला की तडकतो. म्हणून शिंगाडे आणि मासळी संपली की उन्हाळ्यापुरता त्यात चिखल भरून तो इथं बुडवून ठेवायचा. पावसाळ्यात तलाव भरू लागला की चिखल काढायचा, डोंगा या उतारावरून ओढून वर घ्यायचा, डागडुजी करायची आणि परत पाण्यात सोडायचा. दगडावरून ओढला तर बूड फाटतं. मातीवरून घसरत येतो. तिचा सासरा असाच ओढायचा, त्याचा बापही असाच ओढायचा.

तेव्हा मला समजलं की काठ तिथंच एवढा हळू का उतरतो. माझ्या वहीतला तो सुंदर उतार आपोआप झालेला नव्हता.

जाळं पिळता पिळता ती म्हणाली, “तुमी लोक काईतरी बांधून राहिले म्हनते इथं.”

“अजून नक्की नाही. नुसतं चित्र काढतोय आम्ही.”

“काढा ना. बगीचा करा, बाकडे टाका, काई बी करा. थेवढा हा कोपरा सोडा. त्यायले सांगजो.”

“तुम्ही गावाच्या मीटिंगमध्ये का नाही सांगत?”

“मीटिंगमधी आमी मांगं बसतो माय. बोललं का म्हनते, मंग पाहू.” तिनं जाळं खांद्यावर टाकलं. “तू बी कमीच बोलते, पाह्यलं म्या. पन तुह्या हातात कागद हाय ना.”

“सांगते,” मी म्हणाले. नुसती मान हलवली नाही. तोंडानं म्हणाले.

त्या रात्री शाळेच्या वर्गात आम्ही सतरंज्या टाकून बसलो होतो. गटप्रमुख जमिनीवर मोठा कागद पसरून त्या कोपऱ्यातला रॅम्प रेखाटत होती. वळणं घेत उतरणारा, दोन्ही बाजूंना रेलिंग, खाली रुंद ओटा. सगळे तिच्याभोवती वाकले होते. “ही तिची जागा,” असं ती मधूनमधून माझ्याकडे बघून म्हणत होती. मी दोनदा बोलायला तोंड उघडलं. पहिल्यांदा कुणीतरी विनोद केला आणि सगळे हसू लागले. दुसऱ्यांदा कुणीच काही केलं नाही. वर्ग शांत होता, मला जागा होती, आणि मी म्हणाले, “पेन्सिल दे ना जरा.”

नागपूरला परतताना बसमध्ये मी माझ्या वहीत त्या कोपऱ्यात दोन लांबट आकार काढले. त्यांना नाव दिलं नाही. पंधरा दिवसांनी शीट तयार करताना गटप्रमुखानं वही चाळली आणि विचारलं, “हे काय आहे गं? मासे?”

त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. ती समजूतदार मुलगी होती. रॅम्प दुसरीकडे नेऊ या, असं ती पहिल्यांदा वैतागून आणि नंतर उत्साहानं म्हणाली असती. पाळीवर एक देऊळ होतं, त्याच्या बाजूला जागा होती. उतार कापावा लागला असता, काम वाढलं असतं, एवढंच. पण मग ते माझ्या नावाचं राहिलं नसतं. आणि मी आधी का बोलले नाही, असं तिनं विचारलं असतं. शिवाय फोटो नव्हता. पाण्याखालच्या वस्तूचा फोटो कसा दाखवणार, अशी एक सबब मी स्वतःसाठी तयार ठेवली होती.

“काही नाही,” मी म्हणाले आणि खोडरबर घेतलं.

शीटवर त्या कोपऱ्याला आम्ही ‘अंडरयुटिलाइज्ड’ असं लिहिलं. मराठीत लिहायचं असतं तर ‘इथं कुणी येत नाही’ असं लिहावं लागलं असतं आणि कदाचित माझा हात थांबला असता. इंग्रजीत तो शब्द फार सभ्य दिसत होता. अक्षर माझंच होतं. माझं अक्षर चांगलं म्हणून शीटवरचं सगळं लिखाण माझ्याकडे असायचं.

ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर प्रकल्प मांडायच्या दिवशी आमच्या सरांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. “इथं आत्ता काय आहे?” मी शीटच्या अगदी जवळ उभी होते. गटप्रमुख म्हणाली, “सध्या काही वापर नाही, सर.” सरांनी मान हलवली आणि बोट पुढं सरकलं. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. मी ते किती वेळा आठवलं असेल, याचा हिशेब नाही, आणि दर वेळी ते बोट मला जरा जास्त वेळ तिथं थांबल्यासारखं वाटतं. ते थांबलं नव्हतं.

विद्यार्थ्यांचे प्रकल्प सहसा कपाटात जातात. मी त्यावरच भरवसा ठेवून होते, हेही कबूल करायला हवं. पण आमची चित्रं एका प्रदर्शनात लागली, कुणा अधिकाऱ्यांना आवडली, एका योजनेत बसली. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्याआधी काम झालंसुद्धा. मी तेव्हा नागपुरात एका ऑफिसात शिकाऊ म्हणून लागले होते. दुपारी जेवताना गटाच्या व्हॉट्सअॅपवर फोटो आला. रॅम्प, निळं रेलिंग, फिती, फुगे, हसणारी माणसं. चौघांनीही खूप काही लिहिलं. मी फोटो मोठा करून ओट्याच्या खालची जागा पाहिली. लाल मुरूम होता, सपाट दाबलेला. पाणी त्याच्याही पुढे होतं. मी अंगठ्याची खूण टाकली आणि डबा बंद केला.

गेल्या कार्तिकात सरांचा फोन आला. नवी तुकडी त्या गावात जाणार होती, बांधलेली जागा लोक कशी वापरतात ते पाहायला. “तूही ये. मुळात ती जागा तुझीच,” ते म्हणाले. नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही, म्हणून गेले. आमची बस भंडाऱ्याहून निघाली तेव्हा मनात एक वेडी आशा होती की डोंगे कुणीतरी वेळेवर काढून नेले असतील. मावशी मला पाहून ओळखणारही नाही.

रॅम्प चांगला झाला होता. हे लिहिताना मला त्रास होतो, पण तो चांगला झाला होता. एक म्हातारे आजोबा एका हातात काठी आणि दुसऱ्या हातानं रेलिंग धरून खाली आले, ओट्यावर बसले, तांब्यानं पाय धुतले आणि कुणाची मदत न घेता वर गेले. नव्या तुकडीतल्या मुलींनी त्यांचे फोटो काढले. आजोबांनी ऐटीत मिशीवरून हात फिरवला. सरांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसले.

मावशी सापडली ती तलावाच्या दुसऱ्या टोकाला, दगडी पाळीच्या बाजूला. तिथं तीन दगडांची चूल मांडून ती भगुण्यात शिंगाडे उकडत होती. साडी छातीपर्यंत भिजलेली. शेजारी टोपल्यात हिरवे शिंगाडे, निम्मं टोपलंसुद्धा भरलेलं नव्हतं. आम्हाला सगळ्यांना पाहून ती उठली नाही, पण मला पाहून तिनं लगेच हाक मारली.

“अवं, थे टेपवाली! वाळली किती तू. खाऊ घालत नाहीत का व नागपुरात?”

तिनं सगळ्यांच्या हातावर गरम शिंगाडे ठेवले. सरांनी चवड्यांवर बसून आपुलकीनं विचारलं, “मावशी, तुम्ही त्या नव्या बाजूला का नाही बसत? तिथं छान ओटा आहे.”

“थो तुमचा ओटा चांगला हाय, सायेब. मी काई म्हनत नाही.” तिनं काटकी चुलीत सरकवली. “पन थ्या खाली माहा डोंगा हाय ना.”

सरांना कळलं नाही. मग तिनं सांगितलं. तेंदूपत्ता तोडायचे, उन्हाळ्याचे दिवस होते. टोलीतली सगळी माणसं पहाटेच जंगलात जायची आणि उन्हं चढल्यावर परतायची. एक दिवस परत आली तर खोलगट जागा मुरमानं भरलेली, त्यावर रोलर फिरून गेलेला. तिच्या नवऱ्यानं आणि दिरानं हातानं उकरायला सुरुवात केली. दिराच्या डोंग्याचे दोन तुकडे निघाले. तिच्या सासऱ्याचा डोंगा खोल होता, तो निघालाच नाही. ठेकेदाराशी भांडण झालं.

“थ्यानं कागद दाखवला आमाले. म्हने, पाहा, कागदात डोंगा कुठं हाय? आमी पाह्यलं. खरंच नव्हता.”

“मग आता शिंगाडे कसे काढता?” एका मुलीनं विचारलं.

“ट्यूबवर बसून पाह्यलं. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर. शिंगाड्याले काटे असते ना माय, फुस्स!” तिनं तोंडानं हवा गेल्याचा आवाज काढला आणि मुली नकळत हसल्या. तीही हसली. “आता छातीइतक्या पान्यात मी जातो, तेवढंच. अंदरचे तसेच सडते. डोंगा कोरनारा म्हातारा बी रायला नाही, आन् तेवढ्या जाडीचं झाड बी कोन तोडू देते?”

सरांनी वळून त्या रॅम्पकडे पाहिलं. हातातला शिंगाडा त्यांनी सोलला नव्हता. मग ते म्हणाले, “तुम्ही तेव्हा कुणाला सांगितलं होतं का, मावशी?”

मी पाण्याकडे पाहत होते. माझं सगळं अंग कानांत आलं होतं.

“सांगतलं ना. ह्या पोरीले सांगतलं होतं. पाय ठेवून दाखवला होता तिले डोंगा.” तिनं माझ्या पाठीवर ओला हात ठेवला. “हिनं सांगतलं असल तुमाले. पन लहान पोरीचं कोन आयकते? आमचं बी कोन आयकते? तिची काई चुकी नाही, सायेब. तिले रागवू नका.”

सरांनी खाली पाहिलं. “चूक आमची आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. “ती एक शब्द बोलली असेल आणि आम्ही ऐकलं नसेल. असं होतं आमच्याकडून. शांत मुलांचं ऐकायचं राहून जातं.” मग नव्या तुकडीकडे वळून, “हे लिहून घ्या. हेच शिकायला आलोय आपण.”

मुलींनी वह्या उघडल्या. एकीनं माझ्याकडे इतक्या सहानुभूतीनं पाहिलं की मला मान वळवावी लागली. सगळं जागच्या जागी बसत होतं. मावशीनं मला सोडवलं होतं, सरांनी सोडवलं होतं, आणि आता ते त्या वह्यांत लिहिलं जात होतं. मी काहीच करायचं नव्हतं. नेहमीसारखं उभं राहायचं, एवढंच. तिचा हात अजून माझ्या पाठीवर होता आणि कुडता तेवढ्या जागी ओला झाला होता.

लिहिणाऱ्या मुलीच्या वहीत माझ्याबद्दलचं वाक्य अर्धं झालं होतं. मी तिला थांब म्हणाले नाही. मावशीकडे वळले, आणि माझा आवाज मलाच नको इतका मोठा निघाला.

“मावशी, मी सांगितलंच नव्हतं. कुणालाच नाही.”